ओल्या पाऱ्याचा आकडा

आमच्या पेटीकडे बघून निम्मे लोक विचारायचे, "मध कधी काढता?"

तशी ती दिसायचीच. चार पायांवर छातीच्या उंचीला उभी केलेली पांढरी लाकडी पेटी, चारी बाजूंनी झडपा, उत्तरेकडे दार. आत मधमाश्यांऐवजी चार तापमापक होते आणि त्यांच्या जिवावर माझं पोट होतं. नशिराबादच्या पुढे, हमरस्ता सोडून आत गेलं की एका शेतकी फार्मच्या कोपऱ्यात तारेचं कुंपण घातलेलं आमचं हवामान केंद्र. ही पेटी, तिच्या शेजारी तशीच दुसरी, पाऊस मोजायचं नरसाळं, खांबावर फिरणाऱ्या वाऱ्याच्या वाट्या आणि एका खोलीचं ऑफिस. ऐंशीच्या दशकात मी तिथे रोजंदारीवर लागलो, पुढे कायम झालो आणि तिथूनच निवृत्त झालो.

एवढ्या वर्षांत मी हवामानाचा अंदाज एकदाही केला नाही. हे कुणाला पटत नाही. अजूनही लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस कानाशी येऊन विचारतो, "मग, उद्या काय?" उद्याचं मला कधीच कळलं नाही. माझं काम आत्ताचं होतं. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला हवा कशी आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. उद्याचं सांगणारी शिकलेली माणसं दूर मोठ्या शहरात बसलेली असत. आमचे आकडे तारेनं त्यांच्याकडे जात आणि त्यांचा अंदाज रेडिओवरून आमच्याकडे येई.

मी कोकणातला, राजापूरच्या खालच्या अंगाचा. नववीत दोनदा नापास झालो. मग शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते नीटसं ठरलं नाही. आईचा एक मावसभाऊ दीपनगरला नोकरीला होता. त्याच्या ओळखीनं मी खानदेशात आलो. आईला लिहिता येत नव्हतं, ती शेजारच्या मुलीकडून पत्र लिहवून घ्यायची. माझ्या कामाबद्दल कळवल्यावर तिचं पहिलं उत्तर आलं ते असं : "तिकडे पाऊस नाही म्हणतोस, मग तू मोजतोस काय? मोजायचाच असेल तर इथे ये. इथे मोजायला माणूस पुरत नाही."

कामावर मला ठेवलं ते नानांनी. नाना आमचे मुख्य निरीक्षक, सोनगीरचे. ऑफिसात आमच्यासारखंच बोलायचे, पण राग आला किंवा माया आली की त्यांची अहिराणी सुटायची. जागेला दहावी पास माणूस हवा होता. साहेब माझ्याकडे बघून मान हलवत होते. नाना म्हणाले, "साहेब, दहावीवाला एकदा बघून लिहून मोकळा होतो. हा पोरगा घाबरट शे. हा दोनदा बघी." माझ्या भित्रेपणाचा कुणाला उपयोग होईल असं त्याआधी मला वाटलं नव्हतं. त्या एका वाक्याचे उपकार मी आजही मोजतो आणि ते वाक्य पुढे मी कसं खोटं पाडलं तेच सांगायला बसलो आहे.

आधी कामाची थोडी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं समजेल. पेटीचं दार उघडण्याआधी श्वास रोखायचा. आपल्या तोंडाची वाफ, अंगाची धग लागली तर पारा चढतो. डोळा पाऱ्याच्या बरोब्बर समोर हवा. आणि आधी वाचायचा तो दशांश. बत्तीस पूर्णांक चार असेल तर आधी चार बघायचा, मग बत्तीस. कारण दार उघडल्यापासून पारा हलायला लागतो आणि लहान आकडा आधी पळून जातो. चार तापमापकांपैकी दोन उभे. एक कोरडा, एक ओला. ओल्याच्या टोकाला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं, त्याची वात खालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडालेली. फडक्यातलं पाणी उडतं तसा त्याचा पारा खाली राहतो. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडतं आणि ओला पारा कोरड्यापेक्षा खूप खाली जातो. हवेत दमटपणा आला की पाणी उडत नाही, दोघं जवळ येतात. घाम आलेल्या माणसाला वारा लागल्यावर गार वाटतं तसंच ते.

चैत्र-वैशाखात खानदेशात हे दोन पारे एकमेकांशी बोलत नाहीत इतके लांब असतात. सकाळी साडेआठलाच कोरडा एकतीस-बत्तीस, ओला एकोणीस-वीस. दुपारी तर विचारू नका. मी पहिल्या उन्हाळ्यात नाकातून रक्त यायला लागल्यावर घरी निघालो होतो. नानांच्या मंडळींनी रुमालात कांदा बांधून खिशात दिला आणि म्हणाल्या, "आते हाऊ कांदा वाळेपर्यंत थांब." तो वाळला तेव्हा जून आला होता.

उन्हाळ्यात आमच्याकडे माणसांची ये-जा वाढायची. शास्त्रज्ञ वगैरे कुणी येत नसे, यायच्या त्या फार्मच्या मागच्या गल्लीतल्या बाया. ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाड पापड, घालायचे तर रात्री पीठ भिजवावं लागतं, पहाटे मोठ्या पातेल्यात घाटा शिजवावा लागतो, चार घरच्या बाया गोळा कराव्या लागतात आणि मग घराच्या धाब्यावर कापडं पसरून थापायचे. दोन दिवस कडक ऊन हवं. एक सर आली की सगळं गाईला. म्हणून त्या कुंपणाशी येऊन विचारायच्या, "भाऊ, आज घाटा मांडू का?" मी म्हणायचो, मला उद्याचं कळत नाही. त्यावर एकीनं मला ऐकवलं होतं, "मंग सरकार तुले पगार कायले देतं?" बिबडे नीट वाळले की त्यातले चार कागदात बांधून पेटीच्या पायाशी ठेवलेले असायचे. वाळले नाहीत तर दोन दिवस कुणी ओळख दाखवत नसे.

रेडिओवरचा अंदाज मी फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहायचो. उन्हाळी वादळांच्या दिवसांत तो ठरलेला असे : 'उत्तर महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्यासह पावसाची शक्यता.' मला ते वाक्य आवडायचं, भारदस्त वाटायचं. पण केळीवाल्यांना त्याचा उपयोग कमी. नाशिकपासून आमच्यापर्यंत सगळंच उत्तर महाराष्ट्र. त्यात तुरळक ठिकाण कुठलं ते वादळ येऊन गेल्यावरच कळायचं. एक जण फळा वाचून म्हणाला होता, "तुरळक म्हणजे माह्या शेजारच्याचं शेत. माह्यापर्यंत आलं का त्याले सर्वदूर म्हणता."

आबा मात्र फळा वाचतच नसत. आबा म्हणजे फार्मला लागून ज्यांची केळीची बाग होती ते. साठीच्या पुढचे, सायकलवर ताठ बसणारे. त्यांनी स्वतःचीच एक रीत बसवली होती. रोज सकाळी पावणेनऊला ते कुंपणाशी सायकल टेकवून ओरडायचे, "सुकं किती? ओलं किती?" मी आकडे सांगायचो. घरी जाऊन ते गोठ्याच्या दारावर कोळशानं लिहायचे. दहा-बारा उन्हाळ्यांचे आकडे होते त्या दारावर, जुने पुसून त्यावर नवे. त्यांचं म्हणणं होतं की उन्हाळ्यात ओला पारा एका रात्रीत चार-पाच घरं वर चढला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी, दुपारी वावधान, म्हणजे वादळ, येतंच. कुठल्या पुस्तकात हे असेल नसेल. नाना म्हणायचे, "आबानं सगळं त्या दारवर शिकी लिधं. आपण फक्त वही भरतो."

केळीला वारा म्हणजे काय ते परक्याला सांगावं लागेल. केळीला खोड असं नसतंच, पानांच्या सोपटांची गुंडाळी असते ती. तिच्या डोक्यावर वीस किलोचा घड. मूळ उथळ. जोराचा वारा आला की घड लागलेलं झाड कमरेतून मोडतं, आणि आधी मोडतं ते सगळ्यात चांगल्या घडाचं.

त्या वर्षी चैत्र लागता लागता माझ्याकडून एक चूक झाली होती. ओल्या पाऱ्याच्या बाटलीत शुद्ध केलेलं पाणी घालावं लागतं. ते संपलं होतं, तालुक्याहून यायचं होतं. मी फार्मच्या विहिरीचं मचूळ पाणी घातलं. आठवडाभरात त्या फडक्यावर क्षारांचा पांढरा थर बसला, पाणी नीट उडेना, आणि पारा खोटाच वर राहायला लागला. नानांना आकड्यांवरून वास आला. त्यांनी फडकं काढून माझ्या हातावर ठेवलं. ते पापडासारखं कडक झालं होतं. "वर जर कळलं असतं ना, तर मना अगोदर तुनी नोकरी जाती," एवढंच म्हणाले. पण मी रोजंदारीवरचा माणूस. मला ते वाक्य पंधरा दिवस जेवताना ऐकू येत होतं.

आखाजीला चार दिवस होते. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि ती लेकींची असते. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. एसट्या भरून येत होत्या. नाना आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी सोनगीरला गेले होते. केंद्र माझ्या एकट्यावर.

त्या सकाळी मी श्वास रोखून दार उघडलं. कोरडा एकतीस पूर्णांक सहा. ओला चोवीस पूर्णांक आठ. आदल्या दिवशी तो एकोणीसवर होता.

मला हवा आठवली नाही, विहिरीचं पाणी आठवलं. वाटलं, परत काहीतरी बिघडवलंस. खरं तर बाटलीत तालुक्याहून आलेलं पाणी होतं, मीच ओतलेलं. तरी मी फडकं बदललं, वात बदलली, दहा मिनिटं थांबलो, परत बघितलं. चोवीस पूर्णांक सात. शेजारच्या पेटीत एक यंत्र होतं, माणसाच्या केसांवर चालणारं. दमट हवेत केस लांबतात, त्यांना जोडलेली लेखणी वर सरकते आणि फिरत्या कागदावर आपोआप रेघ ओढते. ते दार उघडलं असतं तर दोन सेकंदांत कळलं असतं की माझा पारा खरा आहे. मी उघडलं नाही. तिथेही रेघ वर गेलेली दिसली तर मग वेगळी तार करायची, कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं, नाना नाहीत. आणि नाही दिसली तर माझी चूक पक्की. दोन्हीकडून भीतीच होती. मी वहीत लिहिलं : ओला, एकोणीस पूर्णांक सहा.

वही मिटली तोवर सायकलची घंटी वाजली.

"सुकं किती?"

"एकतीस सहा."

"ओलं?"

"एकोणीस सहा, आबा."

आबांनी कुंपणावर हात ठेवला. त्या दिवशी त्यांच्याकडे केळी कापणारी टोळी आली होती, बांधावर बिड्या ओढत बसलेली मला दिसत होती. "नक्की?" त्यांनी विचारलं. असं ते कधी विचारत नसत.

"हो."

"मंग घड चार दिवस अजून भरू देतो. आखाजी झाल्यावर कापू," असं म्हणून ते वळले आणि त्यांनी टोळीला दुसऱ्याच्या बागेत जायला हातानंच खुणावलं. मी ते बघत उभा राहिलो. त्या वेळी हाक मारायला दहा पावलांचं अंतर होतं.

दुपारी चारच्या सुमाराला वारा एकदम पडला. पाखरं गप्प झाली. पश्चिमेकडून पिवळ्या धुळीची भिंत आली आणि तिच्या मागून काळं आभाळ. पेटी धरून ठेवायला मी धावलो, मला काही दिसत नव्हतं. वाऱ्याच्या वाट्या इतक्या फिरत होत्या की त्यांची एक चकतीच दिसत होती. मग बोराएवढ्या गारा. सगळं मिळून पंचवीस मिनिटं चाललं असेल. नंतर नरसाळ्यातला पाऊस मी मोजला, अकरा मिलिमीटर, आणि तो आकडा मात्र दशांशासकट बरोबर लिहिला.

दुसऱ्या दिवशी बागेत गेलो. मोडलेली झाडं सगळी एकाच बाजूला डोकं करून पडली होती. पूर्वेकडच्या चार-पाच ओळी निंबाच्या आडोशानं वाचल्या होत्या, बाकीचं आडवं. आबा केळीच्या एका पडलेल्या खांबावर बसले होते. अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, घडांवरची माती पदरानं पुसत होत्या. मी पायातलं एक फाटकं पान बाजूला केलं. आबाच म्हणाले, "तू कायले तोंड पाडतं? तुह्या यंत्रालेच नाई कळलं, तू काय करशीन."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी मान हलवली आणि निघून आलो. चुकीची शिक्षा मिळाली की माणूस निदान रडू तरी शकतो. चुकीची माफी खिशात घेऊन मी तो दिवस काढला.

नाना त्याच संध्याकाळी परतले. आल्या आल्या त्यांनी दोन्ही पेट्या बघितल्या, केसांच्या यंत्राचा आठवड्याचा कागद काढला, टेबलावर पसरला आणि शेजारी माझी वही उघडली. कागदावरची रेघ वादळाच्या आदल्या रात्रीपासून डोंगरासारखी वर गेली होती. वहीत सपाटी होती.

"काय व्हयनं रे?"

मी सगळं सांगितलं. पाणी, फडकं, चोवीस आठ, परत चोवीस सात.

"म्हणजे तू दोनदा बघितलंस."

"हो नाना."

"आणि तिसऱ्यांदा मनातलं लिहिलंस." त्यांचा आवाज चढला नाही. "भ्याव वाटनं?"

"हो."

त्यांनी लाल शाईचा पेन पुढे केला. "रबर नको. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मार, आकडा वाचता आला पाहिजे. वर खरा लिही. शेराच्या रकान्यात कारण लिही आणि सही कर."

"कारण काय लिहू?"

"जे शे ते."

मी लिहिलं, 'निरीक्षकास वाचनाची खात्री न वाटल्याने अंदाजे नोंद केली.' पुढे वरून ठपक्याचं पत्र आलं. नोकरी राहिली, कारण वर पाठवलेल्या अहवालावर नानांनी स्वतःची सही करून लिहिलं होतं की नवशिक्या माणसावर केंद्र सोडून जाण्याची जबाबदारी आपली. हे मला फार नंतर, त्यांच्या निरोप समारंभानंतर जुन्या फायली लावताना कळलं.

वही बंद करताना ते म्हणाले, "हे कागदावरचं झालं. आबाचं तुझं तू बघ. मी येणार नाही."

आबांचं घर फार्मपासून पाच मिनिटांवर. मला अर्धा तास लागला. आबा ओट्यावर बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. ओला पारा चोवीस आठ होता, मी तुम्हाला खोटं सांगितलं, यंत्राचा काही दोष नाही. अक्का दारात येऊन थांबल्या.

आबा माझ्याकडे बघेनात. "मी सकाळी उठलो त आंग चिकचिक करे," ते जमिनीला सांगावं तसं म्हणाले. "म्हणून त टोळी बोलावली होती. आंगाचं आयकलं नाई, तुह्या आकड्याचं आयकलं."

यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर चाललं असतं. मी म्हणालो, "आबा, मी काय करू?"

"काय करशीन? घड उभे करता येतात का तुले?"

उत्तर अक्कांनी दिलं. "उभे नाई करता येत, पण वाहता येतात. सकायी ये."

पुढचे दोन दिवस साडेआठची नोंद झाली की मी बागेत जायचो आणि साडेपाचच्या आधी परत यायचो. पडलेल्यांतले चालण्याजोगे घड खांद्यावर वाहून बांधावर आणायचे, उभ्या ओळींना बांबूचे टेकू द्यायचे. केळीचा चीक सदऱ्यावर पडला की जात नाही, माझे दोन्ही सदरे काळे झाले. आबा माझ्याशी बोलत नव्हते. फक्त एकदा, टेकू चुकीच्या बाजूला लावला तेव्हा म्हणाले, "तिकून नाई. वारा कुठून आला होता ते तुलेच माहीत नाई का?" अक्का पदराआड हसल्या. मी त्या टोमण्यावर इतका खूश झालो की टेकू हातातून सुटला.

आखाजीच्या दिवशी सकाळची नोंद करून मी फार्मवरच्या माझ्या खोलीवर पडलो होतो. अशा दिवशी गाव आठवतं. फाटकाशी अक्का आल्या. "आंघोळ केली का? चाल मंग." मी म्हणालो, कशाला, आज घरचा सण. त्या म्हणाल्या, "म्हणूनच त."

त्यांची लेक आली होती, जावई आले होते. पंगतीत मला आबांच्या शेजारचा पाट दिला. खापरावरची पुरणपोळी रुमालासारखी घडी करून वाढलेली, वाटीत आमरस, दुसऱ्या वाटीत लालबुंद आमटी, कडेला कुरडया. जावई पारोळ्याकडचे, कुठल्याशा शाळेत मास्तर होते. त्यांनी माझ्या काळ्या सदऱ्याकडे बघितलं आणि आबांना विचारलं, "हे कोण?"

मी खाली मान घातली. आबांना सांगायला खूप काही होतं.

आबांनी तोंडातला घास संपवला. "हा आपला हवामानवाला," ते म्हणाले. "चुकला त घरी येऊन सांगतो."

आणि पोळीकडे वळले. जावयांना त्यातलं काही कळलं नसावं. मी रसाच्या वाटीत बोटं बुडवून तसाच बसलो, डोळ्यांतलं पाणी नाकावर आलं.

"तिखट लागलं का रे?" अक्कांनी विचारलं.

आमटीला मी अजून हात लावला नव्हता. मी म्हटलं, "हो अक्का. फार."